हातावरचं पोट आणि शुगरची गोळी : वाचकांचे प्रश्न

मधुमेहावर आलेल्या पत्रांमध्ये एक वाक्य पुन्हा पुन्हा दिसलं : ‘डॉक्टर रागावतात, म्हणतात तुम्ही पथ्यच पाळत नाही.’ पत्रं नीट वाचली तर पथ्याची हेळसांड थोडी आणि खाडा, भारनियमन, संपलेला साठा, रेशनचा तांदूळ यांचीच अडचण जास्त दिसते. हा खात्यापित्या घरांचा आजार ही समजूतही आता सोडायला हवी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०१७ साली प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की महाराष्ट्राच्या शहरी भागात मधुमेहाचं प्रमाण सधन लोकांपेक्षा गरीब लोकांमध्ये अधिक आहे. म्हणून या वेळी निवडलेले सगळे प्रश्न तंगीतल्या घरांचे आहेत.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दरवर्षी टोळीबरोबर ऊसतोडीला जातो. नवऱ्याला शुगरची ‘डबल पॉवरची’ गोळी आहे. पहाटे चारला चहाबरोबर ती घेऊन फडात जातो. दहाच्या सुमारास त्याला दरदरून घाम येतो, हात कापतात, कोयता धरवत नाही. मुकादम म्हणतो नाटकं करतो. शुगर वाढल्यामुळे असं होतं का? (बीड जिल्हा)

नाही, उलट आहे. हे शुगर उतरल्याचं लक्षण आहे, आणि याकडे तातडीनं लक्ष द्यायला हवं.

ज्याला आपण डबल पॉवरची गोळी म्हणतो तिच्यात बहुतेक वेळा दोन औषधं असतात, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. पाकिटावर ही नावं बारीक अक्षरात असतात, ती कुणाकडून तरी वाचून घ्या. एकटं मेटफॉर्मिन सहसा शुगर फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड मात्र पोटात अन्न आहे की नाही ते न बघता स्वादुपिंडातून इन्सुलिन सोडायला लावतं, आणि दोन-तीन तासांत त्याचा जोर चढतो. तुमच्याकडे पोटात नुसता चहा, वर उसाच्या मोळ्या वाहण्याचं काम. कष्ट करणारे स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात. गोळी आणि कष्ट दोघं मिळून साखर खाली खेचतात, आणि पहिली भाकरी दहा-अकराला. हिशेब तिथंच चुकतो.

उपाय असा : ही गोळी घड्याळाशी नाही, दिवसाच्या पहिल्या खऱ्या जेवणाशी बांधायची. पहाटे निघताना अर्धी-एक भाकरी पोटात जात असेल तर तिच्याबरोबर. जात नसेल तर गोळी भाकरीच्या फडक्यातच बांधून न्यावी आणि फडात भाकरी सोडल्यावर घ्यावी. जेवण चुकलं तर त्या वेळची ग्लिमेपिराइडची गोळी घ्यायची नाही, आणि पुढच्या वेळी दोन घेऊन भरपाईही करायची नाही. दारू असेल तर धोका दुप्पट होतो, कारण उपाशीपोटी दारू प्यायल्यावर यकृत साखर सोडण्याचं काम थांबवतं. त्यातून उठणारी चक्कर ‘चढली आहे’ म्हणून सोडून दिली जाते.

हंगामाला निघण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘पाच महिने ऊसतोडीला जातोय, पहिलं जेवण दहाला असतं.’ कष्टाच्या काळात ग्लिमेपिराइडची मात्रा अनेकदा कमी करावी लागते. टेनेलिग्लिप्टिन किंवा सिटाग्लिप्टिन यांसारख्या गोळ्यांनी शुगर खाली जाण्याचा धोका कमी असतो आणि त्या आता जेनेरिकमध्ये, म्हणजे ब्रँडशिवाय मूळ नावानं विकल्या जाणाऱ्या स्वस्त औषधांत मिळतात. लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांबद्दल मात्र जरा जपून. उन्हात घाम गाळणाऱ्या, दिवसभर पाणी कमी पिणाऱ्या माणसाला त्यांनी शोष पडू शकतो. फडात लघवीला आडोसा नाही म्हणून पाणीच टाळणाऱ्या बायकांना या गोळ्यांनी लघवीच्या जागेवर खाज आणि बुरशीचा त्रास होतो.

घाम-थरथर सुरू झाली की लगेच काम थांबवून तीन चहाचे चमचे साखर अर्धा पेला पाण्यात ढवळून प्यायची. म्हणून पंधरा-वीस ग्रॅम साखरेची पुडी खिशात हवीच. साखर नसेल तर मोठ्या सुपारीएवढा गूळ. काहीच नसेल तर ऊस आहेच, पण चावून रस निघायला वेळ लागतो, म्हणून तो शेवटचा पर्याय. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर तेवढीच साखर पुन्हा, आणि सावरल्यावर लगेच भाकरी. ही गोळी दिवसभर काम करते, त्यामुळे शुगर दुसऱ्यांदाही उतरू शकते. त्या दिवशी त्याला एकटं सोडू नका, आणि रात्री कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीत, झोपण्यापूर्वी त्याचं पोट भरलेलं असू द्या. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. मुकादमालाही हे समजावून सांगा.

प्रश्न : आईला सरकारी दवाखान्यातून इन्सुलिनची बाटली मिळते. घरी फ्रिज नाही, पत्र्याचं घर, उन्हाळ्यात पारा ४५ वर. बाटली खराब होते का? शिवाय या वेळी मेडिकलमधून सुई वेगळीच मिळाली. (यवतमाळ जिल्हा)

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तिथली चूक एका दिवसात महागात पडते.

बाटलीवरचं ‘४० आययू/मिली’, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, हे वाचा. सरकारी पुरवठ्यातली दहा मिलीची बाटली बहुधा हीच असते, म्हणजे तिच्यात ४०० युनिट. तिला ४० ची सिरिंज लागते, जिचं टोपण लाल असतं. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० ची. आईचा डोस २० युनिट आहे असं धरू. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात जातात फक्त ८ युनिट, आणि शुगर ‘का उतरत नाही’ हे कुणालाच कळत नाही. उलटी चूक जीवघेणी आहे. टोचायच्या पेनमधलं इन्सुलिन १०० चं असतं. पेन मोडलं म्हणून त्याच्या काडतुसातून ४० च्या सिरिंजनं २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर अंगात ५० युनिट जातात. म्हणून बाटली आणि सिरिंज दोन्ही मेडिकलच्या काउंटरवर शेजारी ठेवून आकडा जुळवा. जुळत नसेल तर सुई परत करा, अंदाजानं रेघ धरू नका.

आता उष्णतेचं. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी असा नियम आहे. उघडलेली चार आठवडे फ्रिजबाहेर चालते, पण थंड जागी. आईला सकाळी २० आणि रात्री १० लागत असतील तर ४०० युनिटची बाटली तेरा दिवसांत संपते. म्हणजे वापरातल्या बाटलीची फार चिंता नाही, सांभाळायची आहे ती शिल्लक बाटली. ती ओळखीच्या दुकानाच्या किंवा डेअरीच्या फ्रिजमध्ये, डबीवर नाव लिहून, दाराच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्याजवळ नको, कारण गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच असतं. आरोग्य केंद्रातल्या लसींच्या फ्रिजमध्ये ठेवायला सांगू नका, तिथं दुसरं औषध ठेवायला परवानगी नसते. त्यापेक्षा दोन बाटल्या एकदम न घेता, संपत आल्यावर दुसरी मिळेल का ते विचारा.

वापरातल्या बाटलीसाठी माठ चांगला. एक मोठा माठ, त्यात बसेल असं लहान मडकं, मधल्या फटीत वाळू. सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवायची. बाटली घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवायची आणि वर ओलं फडकं टाकायचं. माठ वाऱ्याला आणि सावलीत ठेवा. पत्र्याखालच्या फळीवर किंवा चुलीजवळ नको. बाटली थेट पाण्यात सोडू नका, कारण लेबल सुटतं आणि बुचावर घाण बसते. विदर्भाच्या कोरड्या हवेत हा उपाय उत्तम चालतो. कोकणच्या दमट हवेत पाणी उडत नाही म्हणून माठ तेवढा गार होत नाही, पण तिथं पारा ४५ वरही जात नाही. हा केवळ घरगुती तोडगा नाही. जिनिव्हा विद्यापीठ आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ यांनी केनियातल्या निर्वासित छावणीतल्या तापमानाप्रमाणे, २५ ते ३७ अंशांच्या चढउतारात, चार आठवडे ठेवलेलं इन्सुलिन तपासलं. २०२१ साली त्यांनी जाहीर केलं की त्याच्या ताकदीत लक्षात येईल असा फरक पडला नव्हता. मात्र ३७ च्या पुढची हमी त्या तपासणीनं दिलेली नाही. आपल्याकडच्या मेमध्ये पत्र्याखालचं तापमान त्याच्या बरंच वर जातं, म्हणून माठ हवाच.

बाटलीवर ३०/७० लिहिलेलं मिश्र इन्सुलिन दुधाळ असतं. घेण्याआधी बाटली तळव्यांत दहा-वीस वेळा हलकेच घोळवा, खळखळून हलवू नका. घोळवूनही गुठळ्या राहिल्या किंवा काचेला आतून पांढरा थर धरला तर बाटली टाकून द्या. साधं म्हणजे रेग्युलर इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, ते गढुळलं तर खराब. सुई दर वेळी नवी असावी हा नियम बरोबर आहे. परवडत नाही म्हणून एकाच माणसानं तीच सुई दोन-तीनदा वापरल्याचं आम्ही पाहतो. तसं करावंच लागलं तर टोपण लावून ठेवा, स्पिरिटनं पुसू नका कारण त्यानं सुईवरचा गुळगुळीत लेप जातो, आणि दुखायला लागली की टाका. दुसऱ्या माणसाला ती कधीच नाही. रोज जागा बदला, आधीच्या जागेपासून दोन बोटं सोडून. एकाच जागी टोचत राहिल्यानं गाठ येते, आणि गाठीत दिलेलं इन्सुलिन धड शोषलं जात नाही. ३०/७० जेवणाआधी अर्धा तास घेतात. जेवण नक्की असेल तेव्हाच सुई हातात घ्यायची.

प्रश्न : गोळ्या आठ-दहा दिवसांच्याच मिळतात. दर वेळी रोज बुडतो, गाडीभाडं वेगळं. म्हणून दिवसाआड घेतो. चालेल का? (परभणी जिल्हा)

नाही. दिवसाआड घेतल्यानं औषध वाचल्यासारखं वाटतं, पण शुगर मधल्या दिवशी चढतेच. पाकिटावर ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ लिहिलेली मेटफॉर्मिनची गोळी चुरूनही घेऊ नका, ती हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते.

मधुमेहाचं निदान पक्कं झालेल्या आणि शुगर बऱ्यापैकी ताब्यात असलेल्या माणसाला महिनाभराच्या गोळ्या द्यायला हरकत नसते. आरोग्य केंद्रात ‘एक महिन्याच्या द्या’ असं नुसतं म्हणू नका, केसपेपरवर डॉक्टरांना ‘३० दिवस’ असं लिहायला सांगा. औषध देणाऱ्याला त्या कागदाचा आधार लागतो. गावच्या उपकेंद्राचं आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालं असेल तर तिथले समुदाय आरोग्य अधिकारी पुढच्या महिन्याच्या गोळ्या देऊ शकतात. त्यासाठी पहिलं निदान आणि औषध वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लिहिलेलं हवं. गोळ्या पाच-सहा दिवसांच्या उरल्या की निघा, संपल्यावर नको. दोन औषधांची जोडगोळी नसेल आणि ‘साठा नाही’ असं ऐकलं तर विचारा, ‘मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड वेगवेगळ्या आहेत का?’ सरकारी साठ्यात त्या बहुधा सुट्या असतात, आणि दोन गोळ्या मिळून तेच काम करतात.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या विभागाची, तिथलं विचारून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः भरती आणि शस्त्रक्रियेसाठी आहे, रोजच्या गोळ्या तिच्यात बसत नाहीत, म्हणून त्या आशेवर थांबू नका. बाहेरून घ्यायचं तर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्र गाठा. जेनेरिक म्हणजे हलकं औषध हा समज खोटा आहे.

प्रश्न : रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. डॉक्टर म्हणतात भात बंद, फळं आणि सॅलड खा. कसं जमवायचं? (मुंबई, गोवंडी)

रेशनच्या यादीतल्या ‘प्राधान्य कुटुंबा’ला माणशी महिन्याला ५ किलो धान्य, म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅम. त्यातला तांदूळ फेकून कुणी ज्वारी आणणार नाही, आणि आणायची गरजही नाही. ६० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ४७ ग्रॅम पिष्ट असतं, ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ४०. फरक आहे, पण एवढा नाही की भात विष आणि भाकरी औषध ठरावी. ‘भाकरीनं शुगर वाढत नाही’ म्हणून तीन-तीन भाकऱ्या खाणारे पुष्कळ भेटतात. माप महत्त्वाचं. घरातली एक वाटी ठरवा आणि भात रोज त्याच वाटीनं वाढा.

खरी उणीव डाळीची आहे. नुसत्या भाताला रस्सा लावून जेवल्यावर शुगर झपाट्यानं चढते. आधी पालेभाजी आणि घट्ट डाळ खाऊन मग भात खाल्ला तर तोच भात कमी चढतो. आणि डाळीचे पैसे बहुतेकदा चहात सापडतात. दोन चमचे साखरेचे पाच चहा म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम, महिन्याला दीड किलो. त्या पैशात अर्धा किलो हरभरा डाळ येते. साखर आठवड्याला अर्धा-अर्धा चमचा कमी करत गेलं तर जीभ कुरकुरत नाही. मूठभर शेंगदाणे, एक उकडलेलं अंडं हेही चालतं. शेवग्याचा पाला, तांदुळजा, अंबाडी, घोळ, गावाकडे ही भाजी बांधावर फुकट असते. गोवंडीत ती विकत घ्यावी लागते, पण बाजार उठताना संध्याकाळी जुडी स्वस्त होते. सफरचंदाची गरज नाही. ‘डायबेटिक’ लिहिलेली पिठं आणि बिस्किटं तर अजिबात नको.

प्रश्न : जांभूळ बियांची पूड आणि कारल्याचा रस सुरू केला, शुगर साधारण आली म्हणून गोळी बंद केली. चालेल ना? (सांगली)

पूड खा हवं तर, गोळी बंद करू नका. शुगर साधारण आली ती गोळीमुळे. गोळी थांबवल्यावर लगेच काही जाणवत नाही, तिथंच फसगत होते.

प्रश्न : शुगर तपासायचं मशीन भेट मिळालं, पण पट्ट्या परवडत नाहीत. एका पट्टीचे दोन तुकडे करतात असं ऐकलं. आणि ‘तीन महिन्यांची शुगर’ एकदा केली तर बाकीची सुटते का? (नंदुरबार)

तुकडे केलेली पट्टी चुकीचा आकडा दाखवते, आणि चुकीच्या आकड्यावर औषध बदललं तर ती न केलेल्या तपासणीपेक्षा वाईट. पट्टीची डबी उघडली की झाकण लगेच लावा, ओल शिरली की पट्टी बाद. मुदत बघा. बोट साबणानं धुऊन पूर्ण वाळवा. गूळ किंवा केळं सोललेल्या हातानं शुगर खोटीच वाढलेली दिसते.

महिन्याला चारच पट्ट्या असतील तर रोज उपाशीपोटी तपासण्याचा आग्रह सोडा. एका आठवड्यात सकाळी उपाशीपोटी, पुढच्यात दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, तिसऱ्यात रात्रीच्या जेवणाआधी, आणि चौथी पट्टी घाम-थरथर होईल त्या वेळेसाठी राखून ठेवा. आकड्यापुढे तारीख, वेळ आणि त्या दिवशी काम कोणतं होतं ते लिहा. उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत, असं बहुतेकांचं उद्दिष्ट असतं. ७० च्या खाली गेली की साखर घ्यायची.

तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, लाल पेशींवर मोजतात. तुमच्या भागात सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. तो आजार किंवा वाहक-अवस्था असेल, किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर हा आकडा खोटा कमी येऊ शकतो. लोहाच्या कमतरतेनं तो खोटा वाढतो. म्हणून तुमच्याकडे या एका चाचणीवर भिस्त नको. सिकलसेलचं कार्ड असेल तर ते आधी दाखवा आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साधी तपासणी करून घ्या.

प्रश्न : सासूबाई कापूस वेचायला जातात. पायाला पऱ्हाटीचं खुंट लागलं, दुखत नाही म्हणून दाखवलं नाही. आता पू येतोय. इतर वेळी काय बघावं? (जालना)

आजच दाखवा, उद्या नाही. दुखत नाही हीच भीतीची गोष्ट आहे : पायाच्या नसा सुन्न झाल्या आहेत, वेदना सांगायला कुणी उरलेलं नाही. पू, वास, पाय लाल-गरम होणं किंवा बोट काळं पडणं यापैकी एक असलं तरी थेट ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात न्या. हळद, चुना, बॅटरीतली काळी पूड, कसलाही लेप नको. गरम पाण्याचा शेकही नको, सुन्न पाय भाजतो आणि कळत नाही.

सुन्नपणा घरी तपासता येतो. सासूबाईंना डोळे मिटायला सांगा. बोटाच्या टोकानं उजव्या पायाचा अंगठा एक-दोन सेकंद हलकेच स्पर्शा, मग उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. दाबू नका, टोचू नका, थोपटू नका. स्पर्श कळला की त्यांनी ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पाय धोक्यात आहे असं समजून डॉक्टरांना सांगा. बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना बी-१२ जीवनसत्त्व कमी पडूनही मुंग्या येतात, तेही तपासायला सांगा.

रोज रात्री जेवण झालं की पाय कोमट पाण्यानं धुऊन बोटांमधली जागा कोरडी करा. चिखल्या तिथंच होतात. तळवा त्यांना दिसत नसेल तर तुम्ही बघा, किंवा जमिनीवर आरसा ठेवा. भेगांना खोबरेल चालतं, पण बोटांच्या मधे नको. गोखरू ब्लेडनं कापू नका, गोखरूची पट्टीही लावू नका, तिच्यातलं आम्ल चांगली कातडी जाळतं. अंगठ्याची स्लिपर सुन्न पायातून निसटते आणि तिचा पट्टा बोटांमधे घासतो. त्यापेक्षा मागे पट्टा असलेली, मऊ तळाची चप्पल हवी. कुष्ठरोग कार्यक्रमात ज्या एमसीआर (मऊ, सच्छिद्र रबराच्या) चपला देतात त्यांचा मऊ तळ सुन्न पायांना उत्तम. जिल्हा रुग्णालयात त्यांची चौकशी करा, किंवा चांभाराकडून तसा तळ बसवून घ्या. चप्पल संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. खुंटाच्या रानात मोजे आणि बंद बूट, आणि घालण्याआधी बूट उलटा करून झटकायचा. जमिनीवर झोपत असतील तर रात्री पाय जाड कापडात गुंडाळा : सुन्न पायाला उंदीर कुरतडतो आणि सकाळी रक्त दिसेपर्यंत माणसाला पत्ताच लागत नाही.